खंबीर राहा, असं मी आता सांगत नाही

घरातला माणूस वाघानं नेला, की आमच्या सिंदेवाही-ब्रह्मपुरी भागात मयतीला आलेला जो तो घरच्या बाईला एकच सांगतो: पोरांकडं पाहा, खंबीर राहा. गावचा मास्तर म्हणून मीही कित्येक वर्षं हेच सांगत आलो आणि मनापासून सांगत आलो. न रडणारं माणूस मला मोठं वाटायचं. आता मी तसं सांगणं सोडलं आहे.

माझ्यापुढचा आदर्श बाबा आमट्यांचा होता. त्यांनी महारोग्यांसाठी उभारलेलं आनंदवन आमच्याच जिल्ह्यात, वरोऱ्याजवळ. मणक्याच्या दुखण्यानं बसताही येत नसताना १९८५ साली हा माणूस गाडीत आडवा पडून ‘भारत जोडो’ यात्रेला निघाला. वर्गात हे सांगताना माझाच आवाज भरून यायचा. मनाची ताकद म्हणजे ही, एकट्याच्या जिद्दीची, असं मी पोरांच्या मनावर ठसवत होतो.

मग एका चैत्रात शेजारच्या टोलीवर एक प्रसंग घडला. मोहाचं फूल पहाटे गळतं. वेचणारा माणूस झाडाखाली वाकून, उकिडवा बसून बराच वेळ वेचत राहतो. खाली झुकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो, असं जाणकार सांगतात. टोलीवरच्या एका बाईचा नवरा असाच वाघानं नेला. पंचनामा झाला, वनविभागाच्या कागदांवर तिनं अंगठे दिले, डोळ्यांत टिपूस नाही. तेरवी आटोपल्यावर अंगणात पडून असलेला मोह तिनं गोळा केला. त्यात नवऱ्यानं आदल्या दिवशी वेचलेलाही होता. तो तिनं झाडला, निवडला, पायलीनं मोजून विकला. आम्ही सगळ्यांनी तिचं तोंड भरून कौतुक केलं. सर्वांत जास्त मी केलं.

पावसाळ्यात ती खंगत गेली. सांज झाली की दाराला कडी. लेकरांना लघवीलाही बाहेर जाऊ द्यायची नाही. मोहाचा वास आला की तिला ओकारी यायची, आणि आमच्याकडं घरोघरी मोह भरलेला असतो. कुठं कुठं नाक दाबणार? पण ती कुणाजवळ बोलली नाही. बोलणार तरी कशी? तिच्या कणखरपणाचा डंका आम्हीच गावभर पिटला होता.

शेवटी बचत गटाच्या बैठकीत ते बाहेर आलं. हप्त्याच्या नोटा मोजता मोजता तिचे हात थांबले. “मले भेव लागते वं बाई,” ती म्हणाली, “दिवसाही लागते.” वही लिहून द्यायला मी तिथंच बसलो होतो. धीराचे शब्द माझ्या ओठांवर आले होते, तेवढ्यात एक म्हातारी म्हणाली, “मलेही लागते.” मग दुसरी बोलली. मग तिसरी. त्या दिवशी पैशांचा हिशेब राहून गेला. रात्री तिच्या घरी कोण निजायला जाईल, सरपण कोण आणून देईल, तालुक्याच्या दवाखान्यात सोबत कोण जाईल, हे बायांनीच ठरवलं. डॉक्टरांनी तिला सांगितलं की हा आजार आहे आणि त्याला औषध आहे. तेव्हा ती रडली, नवरा गेल्यानंतर पहिल्यांदा.

त्यानंतर मी बाबांच्या चरित्राकडं पुन्हा वळलो. ज्यांना गांधीजींनी ‘अभयसाधक’ म्हटलं, ते बाबा पावसात भिजत पडलेला तुळशीराम नावाचा महारोगी पाहून घाबरून पळाले होते. मग परतले, त्याची सेवा केली. पुढं ही भीती त्यांनी कधी झाकली नाही, स्वतःच सांगितली. १९४९ सालचं आनंदवन तिच्याशी झुंजता झुंजता उभं राहिलं. आणि ते एकट्याचं कधीच नव्हतं. तिथली खडकाळ जमीन बोटं झडलेल्या हातांनी फोडली. १९९० साली बाबा नर्मदाकाठी कसरावदला राहायला गेले, तेव्हा त्यांच्या पत्नी साधनाताई सोबत गेल्या. हे सगळं मला आधीही ठाऊक होतं. वर्गात सांगताना मात्र मी ते गाळत होतो.

वाघाच्या हल्ल्यात माणूस गेला तर सरकार लाखांत मदत देतं, त्यातली काही रक्कम ठेवीत ठेवतं. हे योग्यच आहे आणि त्याची गरजही आहे. पण तीन महिन्यांनी कुणीतरी त्या घरी जाऊन ‘झोप लागते का?’ एवढं विचारावं, अशी माझी मागणी आहे. जिथं विचारणारं कुणी नाही तिथं १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा क्रमांक आहे, फोनला पैसे पडत नाहीत. शाळेच्या भिंतीवर तो मी ठळक लिहून घेतला आहे आणि मयतीला गेलो की घरच्यांजवळ लिहून देतो.

ती बाई आता पुन्हा मोहाला जाते का, असं लोक मला विचारतात. जात नाही. रोवणीला जाते, चार जणींच्या घोळक्यात, आणि ‘मी रानात जाणार नाही’ हे चारचौघांत स्पष्ट सांगते.