बाकीचं वर्ष कुठं?

गव्हाच्या दांड्यावरचा तांबेरा बोटाने पुसला की बोट गेरूत बुडवल्यासारखं होतं. त्या चिमूटभर भुकटीत या बुरशीचे असंख्य बीजाणू असतात. त्याच शेताच्या बांधावर, बाभळीच्या दाटीत, एक मातकट पाखरू ‘चक् चक्’ करत किडे टिपत असतं: ब्लिथचा बोरू वटवट्या. तो उत्तरेकडून आलेला, तांबेरा दक्षिणेकडून.

दोघांबद्दल माणसाला एकच प्रश्न पडला. बाकीचं वर्ष हे असतात कुठं?

याच वटवट्याच्या एका मोठ्या चोचीच्या भाऊबंदाने तर फारच वाट पाहायला लावली. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या ॲलन ह्यूम यांनी १८६७ साली सतलजच्या खोऱ्यात, रामपूरजवळ, तो टिपला. त्यानंतर जिवंत पक्षी कुणाला ओळखताच आला नाही. हा वेगळा पक्षी तरी आहे का, इथपर्यंत शंका होती. ती २००२ साली ह्यूम यांच्या त्या पक्ष्याच्या जपून ठेवलेल्या कातड्यातल्या डीएनएने मिटवली. मग २००६च्या मार्चमध्ये थायलंडात, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या तळ्यांच्या काठी, पक्षीतज्ज्ञ फिलिप राउंड यांच्या जाळ्यात एक लांब चोचीचा वटवट्या आला. तब्बल १३९ वर्षांनी! त्याची वीण अफगाणिस्तानात, वाखानच्या नदीकाठच्या झुडपांत होते, हे त्याहीनंतर कळलं.

तांबेऱ्याचा माग आग्रा कॉलेजच्या के. सी. मेहतांनी काढला. मैदानातल्या एप्रिल-मेच्या उन्हात बीजाणू तग धरत नाहीत, मग दरवर्षी रोग येतो कुठून? डोंगरातून, हे त्यांचं उत्तर. निलगिरी आणि पळणीच्या थंड हवेत गव्हावर, आपोआप उगवलेल्या रोपांवर तांबेरा जिवंत राहतो. पुढच्या संशोधनाने वाटही दाखवली: नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळ उठलं की वाऱ्यावर बीजाणू उत्तरेकडे येतात आणि पावसासोबत शेतात उतरतात. महाबळेश्वरच्या गहू गेरवा संशोधन केंद्राचं कामही याच रोगाशी बांधलेलं. १९४६-४७ साली तांबेऱ्याने मध्य भारतातला गहू अक्षरशः धुऊन नेला, हे आठवलं की मेहतांचं नाव शाळेच्या पुस्तकात असायला हवं होतं असं वाटत राहतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी बांधावरचा वटवट्या उठतो आणि आल्या वाटेने उत्तरेकडे निघतो. दांड्यावरच्या बीजाणूला परतीची वाट नाही. तो काडासोबत तिथंच करपतो. पुढच्या रब्बीत येईल तो डोंगरावर मागे राहिलेला तांबेरा.