लोथलची माती आणि हिंमतभाईंचे चेहरे

अहमदाबादहून नैर्ऋत्येला साधारण ८० किलोमीटर गेलं, की भाल नावाचा मुलूख लागतो. सपाट, उघडा आणि खारट जमिनीचा. ना डोंगर, ना गर्द झाडी. याच मुलखात सरगवाला गावाजवळ लोथल आहे. इतिहासाच्या पुस्तकात हे नाव तुम्ही वाचलं असेलच. लोथल म्हणजे मेलेल्यांचं टेकाड! पण नावाला घाबरू नका. इथली माती चांगलीच बोलकी आहे.

१९५५ सालापासून पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांनी हे टेकाड खणायला घेतलं आणि चार हजार वर्षांहून जुनं, हडप्पा संस्कृतीचं एक शहर वर आलं. भाजलेल्या विटांनी बांधलेला, २०० मीटरहून लांब असा एक प्रचंड हौद सापडला. ती जहाजांची गोदी होती, असं रावांचं मत. मणी घडवण्याचा कारखाना सापडला, गटारं सापडली. आणि हो, मातीची खेळणी, मडकी, रांजणसुद्धा! एका रांजणावर चोचीत मासा धरलेले पक्षी झाडावर बसलेत, अन् खाली कोल्ह्यासारखा प्राणी उभा आहे. ते पाहून रावांना पंचतंत्रातली गोष्ट आठवली. तो रांजण रंगवणाऱ्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. त्याच्या हाताचं वळण मात्र आजही दिसतं.

आता पुढची गंमत ऐका. हे टेकाड खणायच्या २२ वर्षं आधी, १९३३ साली, याच लोथलला एक मुलगा जन्मला. पुढे तो भारतातला फार मोठा शिल्पकार झाला. त्याचं नाव हिंमत शहा.

तुम्हाला वाटेल, मातीच्या गावचा मुलगा, लगेच मातीकडे वळला असेल. छे! हिंमतभाई आधी बडोद्याला चित्रकला शिकले. तिथे ना. श्री. बेंद्रे यांच्यासारखे गुरू होते. कागद जाळून, त्याला भोकं पाडून त्यांनी चित्रं केली. पॅरिसला जाऊन धातूच्या पत्र्यावरून छापचित्रं काढायला शिकले. अहमदाबादच्या सेंट झेवियर्स शाळेच्या भिंतींवर १९६७ ते १९७१ या काळात त्यांनी विटा आणि सिमेंटची भलीमोठी भित्तिशिल्पं उभी केली. चाळिशी उलटल्यावर, दिल्लीच्या गढी स्टुडिओत, त्यांचे हात भाजलेल्या मातीत खरे रमले.

माती काही गरीब नसते बरं का! वाळताना ती आकसते. डोकं भरीव ठेवलं आणि आत ओल राहिली, तर भट्टीत त्या पाण्याची वाफ होते आणि शिल्प फुटतं. म्हणून ते आतून पोकळ ठेवायचं, सावकाश वाळवायचं आणि मग साधारण ९०० ते १००० अंश सेल्सियसला भाजायचं. एकदा भाजलेली माती पुन्हा पाण्यात विरघळत नाही. म्हणूनच तर लोथलची खेळणी आपल्यापर्यंत पोचली.

हिंमतभाईंनी बनवली ती मुख्यतः डोकी. लांबुळकी, खडबडीत. कुणाला डोळ्याच्या जागी नुसती एक चीर, कुणाला नाकाचा उंचवटा तेवढा. हुबेहूब माणूस त्यात शोधू नका. पण ती कुठेही ठेवा, जाणकार लांबूनच ओळखतो, 'हे हिंमत शहांचं!' २०२५ साली जयपूरला त्यांचं निधन झालं. ती डोकी मात्र आहेत.

यालाच शैली म्हणतात. ती बाजारात मिळत नाही आणि गुरूही ती हातात ठेवत नाहीत. गुरू शिकवतात ते मातीला कसं धरायचं एवढंच. पुढची कितीतरी वर्षं आपण करत राहतो, नको ते सोडत जातो आणि जे सोडवत नाही, ते आपलं असतं.

शाळेत शाडूचा गणपती करताना शेजारच्याकडे बघून 'माझा तसा नाही झाला' म्हणून तुम्ही हिरमुसता ना? जरा थांबा. सोंड तुटू नये, पाट हलू नये, एवढं बाईंकडून नीट शिकून घ्या. पण तुमच्या गणपतीचे कान जरा मोठेच होत असतील, तर होऊ द्या की! आई-बाबांनो, तुम्हीही ते घाईघाईने 'नीट' करू नका. कुणास ठाऊक, त्या कानांतच तुमच्या मुलाचा हात दडलेला असेल.