रडीचा डाव, तिरका बाण

एकाच कीबोर्डवर दोघांनी मारामारी खेळायची म्हणजे आधी खांद्याला खांदा लागतो, मग कोपराला कोपर. सांगलीला मामाकडे मे महिन्यात आम्ही भावंडं जमलो की हे रोज चालायचं. बाणांची बाजू मिळाली तर स्टूल, दुसरी बाजू मिळाली तर हात तुटलेली प्लास्टिकची खुर्ची. बाकीचे मागे पलंगावर, आणि सल्ले त्यांचेच जास्त. हरणारा उठणार, जिंकणारा बसणार.

गेम एकच, टेकन थ्री. जपानमध्ये तो १९९७ साली आर्केडच्या यंत्रांवर आला आणि १९९८ साली प्लेस्टेशनवर. आमच्याकडे पोचला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, कॉपी केलेल्या सीडीतून, इम्युलेटरच्या कृपेने. त्याआधी मोठ्या भावांनी पार्लरात जाऊन स्ट्रीट फायटर आणि किंग ऑफ फायटर्स घासून घेतले होते, ‘मुस्तफा’च्या गेमवर खाऊचे पैसे उधळले होते. पण पार्लरात टपोरी पोरं असतात, अशी घरच्यांची खात्री. मामाने कॉम्प्युटर घेतला (अर्थातच ‘अभ्यासासाठी’) आणि पार्लर घरात आलं. मुलीही खेळायला बसल्या, हा त्यातला मोठा फरक.

टेकनची मेख अशी की चार बटणं म्हणजे चार अवयव. डावा ठोसा, उजवा ठोसा, डावी लाथ, उजवी लाथ. त्यामुळे नवख्यालाही पहिल्या मिनिटात काहीतरी जमतं, आणि तिथेच घोळ होतो. आमच्यातला धाकटा लिंबूटिंबू होता. त्याला एडी गोर्डो दिला की तो लाथांची दोन बटणं नुसती बडवायचा आणि पडद्यावर तो ब्राझीलचा कापोएरावाला हातांवर उभा राहून, जमिनीवर लोळून, गोल फिरून समोरच्याला लोळवायचा. एडीच्या हालचाली मार्सेलो परेरा या खऱ्या कापोएरा गुरूकडून मोशन कॅप्चर करून घेतलेल्या. म्हणूनच त्या इतक्या डौलदार, पण हरणाऱ्याला डौल कुठे दिसतो? दोन दिवसांत ‘एडी घ्यायचा नाही’ असा कायदा झाला. धाकट्याने भोकाड पसरलं, मामीने मध्यस्थी केली, कायदा मागे घेतला गेला. मग उतारा शोधणं आलंच.

तो शोधला मामेबहिणीने, आमच्या ताईने. ती खेळायची कमी, बघायची जास्त. तिच्या रफ वहीच्या मागच्या पानांवर बाण काढलेले असायचे, पुढे डाठो, उठो, डाला, उला. एका पानावर एडीचा सगळा हिशेब होता: कोणती लाथ वरची, कोणती मधली, कोणती खालची. वरच्या लाथेखालून वाकून जाता येतं, मधली उभ्याने अडवायची, खालची बसून. बसून अडवली की एडीला सावरायला वेळ लागतो, तेवढ्यात उठून ठोसा. हे तिने मोठ्याने वाचून दाखवलं त्या संध्याकाळी धाकटा सलग हरला. रडीचा डाव त्याचा होता की आमचा, हा वाद आजही मिटलेला नाही.

पुढे तीच रीत पडली. कुणी ‘चीटिंग, चीटिंग’ म्हणून ओरडलं की दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर वहीत उतरायचं. दादाचा हुकमी एक्का पॉल फीनिक्स. खाली, तिरका, पुढे असे बाण आणि उजवा ठोसा. लागला की समोरच्याची ताकदीची निम्मी पट्टी गायब व्हायची. तो तिरका बाण आम्हाला कुणी सांगितला नव्हता. दादाचा अंगठा खालून पुढे सरकताना दोन्ही बाण क्षणभर एकत्र दाबले जातात, हे ताईने त्याच्या हाताकडे बघून टिपलं. उताराही तिचाच: ठोसा सरळ रेषेत येतो, म्हणून वरच्या बाणाला हलकी टिचकी मारून बाजूला सरकायचं. टेकन थ्रीमध्ये हे बाजूला सरकणं सगळ्याच खेळाडूंना मिळालं होतं आणि आम्ही तोवर त्याला चुकून होणारी गोष्ट समजत होतो. किंग नावाच्या खेळाडूची पकड बसते त्या क्षणी ठोशाचं नेमकं बटण दाबलं तर सुटका होते, हेही असंच कळलं. कोणत्या पकडीला कोणतं बटण, यात मात्र आख्खी सुट्टी गेली.

कीबोर्डचा गुंता वेगळाच. ऐन लढाईत दादाने तीन बोटं रोवून ठेवली की समोरच्याचा खेळाडू जागचा हलायचा नाही. ताईने गेम बंद केला, नोटपॅड उघडलं, दोघांची बोटं बटणांवर ठेवायला लावली आणि कोणती अक्षरं उमटतात, कोणती गायब होतात ते बघत बसली. कीबोर्डच्या आत प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते, आडव्या-उभ्या रांगांची जाळी असते. ठरावीक जागची तीन-चार बटणं एकदम दाबली की नक्की कोणती दाबली हे चिपला ओळखता येत नाही. ही उपपत्ती आम्ही पुढे इंजिनिअरिंगला शिकलो. ताईने त्या दुपारीच बटणं बदलून प्रश्न मिटवला होता.

आजीला मारामारी पसंत नव्हती, पण जपमाळ घेऊन दारात टेकायची. गेममधला योशिमित्सू पद्मासन घालून बसायचा आणि त्याची ताकद भरून यायची, ते पाहून ती म्हणाली, “हा एक शहाणा दिसतोय, ध्यानाला बसतो.” पुढच्याच फेरीत धाकट्याने त्याच्याकरवी स्वतःच्याच पोटात तलवार खुपसून घेतली. आजी उठून गेली.

२००५ नंतर लोडशेडिंगने वेळापत्रकच बदललं. यूपीएस ओरडायला लागला की डाव जिथे असेल तिथे पट्ट्या मोजायच्या, असं ठरलं होतं. जिंकत असलेला सावकाश मोजायचा, हरत असलेला आधीच पडदा बंद करायचा. एकदा मामाने फॉरमॅट मारला आणि सेव्ह फाइल गेली. सुरुवातीचे दहाच खेळाडू उरले. ओगर, हेहाची, लाकडी मोकुजिन, सगळे पुन्हा एकेक करून सोडवावे लागले.

२०१९ मध्ये लाहोरच्या आर्केडमध्ये घडलेला टेकनपटू अर्सलान अॅश आधी जपानची आणि मग लास व्हेगासची ईव्हो स्पर्धा जिंकला, तेव्हा भावंडांच्या ग्रुपवर दिवसभर तोच विषय होता. पार्लरातली पोरं शेवटी कुठे पोचली बघा, असं दादाने मामाला टॅग करून लिहिलं. मामाने फक्त नमस्कार पाठवला.

आता टेकन ८ आहे. कोणता ठोसा किती फ्रेमचा, अडवल्यावर किती फ्रेमचा तोटा, हे सरावाच्या वेळी गेमच पडद्यावर दाखवतो. सेकंदाला साठ फ्रेम, साधा जॅब दहाचा, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. ताईची वही तिथे बिनकामाची. तरी दादा बंगळुरूहून आणि ती पुण्याहून ऑनलाइन खेळतात, तेव्हा जिंकते तीच. दादाची पट्टी संपत आली की तो खालची लाथ मारतो, सांगलीतही मारायचा. ताई आधीच बसलेली असते.

“लॅग होता,” दादा म्हणतो.