मधली खुर्ची

नाशिकच्या भांडी बाजारात पन्नास वर्षे दुकान सांभाळलेल्या शेठजींचा कान धंद्यानेच तयार केला होता. भांड्यावर टिचकी मारताच ते न पाहता धातू ओळखत. तांबे व कथिल यांच्या कांशाचा नाद रेंगाळतो. तांबे व जस्त यांच्या पितळेचा लवकर विरतो. त्याच कानाने पारख करून त्यांनी १९८४ साली मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून अॅम्प्लिफायर आणि लाकडी खोक्यांचे दोन स्पीकर आणले.

गंगापूर रोडवरील नव्या घरात जाताना मुलाने वेगळा बेत मांडला. प्रत्येक खोलीत वाय-फायवर चालणारा लहानसा स्पीकर. स्वयंपाकघरापासून गच्चीपर्यंत एकच स्तवन, एकाच क्षणी. शेठजींनी व्यापाऱ्याचा प्रश्न विचारला, "माल किती वर्षे चालेल?" मुलाने खरे ते सांगितले : या प्रकारातील नामांकित अमेरिकन कंपनी सोनोसने २०२० साली आपल्या काही जुन्या उपकरणांना नवे सॉफ्टवेअर देणे थांबवले.

"आणि माझ्या अॅम्प्लिफायरचे सॉफ्टवेअर?"

"त्यात ते नाहीच, पप्पा."

शेठजी हसले. वाद तेथेच मिटला असता, पण सूनबाईंनी सहज विचारले, "आई, तुम्हांला काय हवे?"

"मला शब्द कधी नीट ऐकूच आले नाहीत. भिंतीतून नुसता तबला यायचा."

भिंत खर्ज जाऊ देते, उंच स्वर व व्यंजने अडवते. स्टिरिओचा खरा परिणामही दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण जुळला तरच साधतो; म्हणजे घरात उत्तम जागा एकच. चाळीस वर्षे ती कोणाची, हे कोणी ठरवलेही नव्हते. शेठजी बराच वेळ बोलले नाहीत.

अखेर जुन्या अॅम्प्लिफायरच्या मागे वाय-फायची एक छोटी डबी जोडली गेली आणि त्याच जाळ्यातला एक स्पीकर स्वयंपाकघरात बसला. उरलेल्या खोल्यांची मागणी शेठजींनी यादीतून खोडली. तेवढा हिशेब त्यांनी सोडला नाही.

पहिल्या रविवारी त्यांनी पत्नीला मधल्या खुर्चीवर बसवले. तिची उंची कमी, आणि उंच स्वरांचा स्पीकर कानाच्या रेषेत हवा. गुडघे दुखत असतानाही ते खाली बसले, दोन्ही खोक्यांखालचा एकेक पाट त्यांनी काढला.

"आता?"

"थांबा जरा," ती म्हणाली, "ऐकू द्या."