खडकातलं पाणी

दूषित भूजल शुद्ध करणं एक वेळ जमतं. ते जमिनीखाली कुठून कुठे जातं, हे उमगायला वेळ लागतो. जालना जिल्ह्यात तर फारच. वर मुरूम, खाली मांजऱ्या खडक, मध्येच लाल गेरूचा पट्टा, मग काळा पाषाण. पाणी वाट काढतं ते भेगांतून. शेजारच्या दोन बोअरपैकी एक स्वच्छ, दुसरी बाधित, असं सर्रास होतं. म्हणून बंद पडलेल्या क्रोम प्लेटिंग शेडची जागा शुद्धीकरणासाठी हाती आली की मी आधी भोवतालच्या शेतकऱ्यांना भेटतो. विहीर खोदताना झरा कोणत्या अंगाने लागला, शेजाऱ्याची मोटर सुरू झाली की आपलं पाणी उतरतं का, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

नमुन्यालाही घाई चालत नाही. बोअरमधलं साचलेलं पाणी उपसायचं. सामू, तापमान, विद्युतवाहकता स्थिरावली की मगच बाटली भरायची. प्लेटिंगमधून झिरपलेल्या षट्संयोजी क्रोमियमचं पाणी पुष्कळदा नितळच असतं. आम्ल घालून डायफिनाइलकार्बाझाइडचे थेंब टाकले की परीक्षानळीत जांभळट गुलाबी रंग चढतो. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम, ती ओलांडल्याचं डोळ्यांना कळत नाही.

पुढची रीत ठरलेली. बाधित पाणी पंपाने उपसायचं. फेरस सल्फेटने क्रोमियम त्रिसंयोजी होतं, चुन्याने सामू वाढवला की गाळ तळाशी बसतो. तो गाळही घातक कचराच. त्याची जागा सुरक्षित भूभरावात.

कसोटी लागते ती पंप थांबल्यावर. क्रोमियमचे उतरलेले आकडे काही महिन्यांनी पुन्हा चढू लागतात. भेगांतलं पाणी उपसलं गेलेलं असतं, पण खडकाच्या बारीक छिद्रांत मुरलेलं विष सावकाश पाझरत राहतं. वरची दूषित माती तशीच राहिली, तर प्रत्येक पाऊस त्यात भर घालतो. तमिळनाडूत राणीपेटचा क्रोमेट कारखाना बंद पडला, तरी उघड्यावरचा लाखभर टनांहून अधिक कचरा भूजल नासवत राहिला. आधी मूळ उचलायचं, मग पाणी उपसायचं, हा क्रम मोडून चालत नाही.

केंद्र सरकारने 2025 मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले, हे चांगलंच झालं. पण नुसत्या नियमांनी भागत नाही; जालन्याने 2012-13 चा दुष्काळ सोसला आहे. इथे एक बोअर बाद होणं म्हणजे एका वस्तीला टँकरच्या रांगेत उभं करणं. त्यामुळे पंप थांबल्यानंतरच्या पावसाळ्यांतही क्रोमियम मोजत राहायचं, आणि आकडा खाली टिकल्याशिवाय कुणालाही ‘पाणी प्या’ म्हणायचं नाही.