वावरातली खेळणी

नव्या अवजारांची टिंगल करण्यात मी बरीच वर्षं घालवली, आणि ती करताना मला मजाही यायची. कृषी प्रदर्शनात कुणी हातानं ढकलायचं टोकण यंत्र दाखवायला लागला, की मी मागून म्हणायचो, “पोराईले खेळायला बरं आहे.” रिसोड तालुक्यातला आमचा शेतकरी विळा, खुरपं, कुऱ्हाड, फावडं आणि टिकास एवढ्यावर जन्म काढतो, लोहारानं ठोकलं ते खरं, बाकीचे चोचले, असं माझं मत होतं.

त्यातलं अर्धं आजही सोडलेलं नाही. दहा कामं करणारी घडीची पक्कड यात्रेत चकचकते आणि घरी आल्यावर तारसुद्धा धड तोडत नाही. कुठल्याही नटाला बसणारा म्हणून विकतात तो पाना गंजलेल्या नटावरून घसरतो, नट जागचा हलत नाही. रोह्यांना पळवायला कुत्र्याच्या भुंकण्याचा भोंगा लावतात. थोड्याच रात्रींत रोह्याला कळतं, की हा कुत्रा कधी अंगावर येत नाही. मग तो भोंग्याखाली उभा राहून निवांत हरभरा खातो आणि झोपमोड होते ती शेजाऱ्याची. त्याच कामाला वापरतात त्या कार्बाइडच्या पाइप बंदुकीचं तर नावच नको. २०२५च्या दिवाळीत मध्य प्रदेशात तिच्यापायी कितीतरी मुलांच्या डोळ्यांना इजा झाली.

माझं मत हललं ते २०२०च्या खरिपात. त्या वर्षी सोयाबीनचं बियाणं उगवलंच नाही अशा तक्रारी विदर्भ-मराठवाड्यात जागोजागी होत्या. आमचा वाशीम जिल्हा सगळा सोयाबीनच्या जिवावर. आमच्या वावरातही उगवण विरळ, ओळींत मोठाले खाडे. नांग्या भरायला बाया खुरप्यानं माती उकरून दाणे टाकत, वाकलेल्याच पुढे सरकत होत्या. शेजारच्या वावरातला एक पोरगा चोचीचं टोकण यंत्र घेऊन धुऱ्यावर आला. उभ्यानं चोच जमिनीत दाबायची, दांडा पुढे ढकलला की चोच उघडून दाणे खाली पडतात, बस. मी सवयीनं हसलो. कामावरच्या एक काकू मान वर न करता म्हणाल्या, “भाऊ, तुमी कधी दिवसभर वाकून पाह्यलं काय?”

लगेच डोळे वगैरे उघडले नाहीत. उलट मला रागच आला. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. निंदण बाया करतात, सोंगणीत बाया असतात, कापूस बाया वेचतात. अवजार कोणतं घ्यायचं हे मात्र आम्ही गडीमाणसं ठरवतो. रोटाव्हेटरसाठी महाडीबीटीवर अर्ज भरताना ‘चोचले’ हा शब्द कुणाच्या तोंडी येत नाही. बाईच्या हातातला विळा बदलायचा म्हटलं, की आम्हाला एकदम जुनं ते सोनं आठवतं.

त्या विळ्याचंच बघा. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेनं ‘नवीन’ नावाचा दातेरी विळा तयार केला. त्याची मूठ मागे वाकवलेली आहे, पकड चांगली बसते, हाताला इजा कमी होते. साध्या विळ्यानं झटका मारावा लागतो; दातेरी पातं नुसतं ओढलं तरी धाट कापतं. वाळलेल्या सोयाबीनला झटका बसला की शेंगा फुटून दाणा मातीत जातो, म्हणजे यात मालकाचाही फायदाच. खोट एक आहे: दात बोथट झाले की दगडावर घासून भागत नाही.

टोकण यंत्राच्या बाबतीत माझ्या मनाआधी खिसा वळला, हेही सांगतो. पेरणीला एकरी ३० किलो सोयाबीन जातं, टोकणीला त्याच्या निम्म्याच्या आसपास भागतं. बियाण्याचा भाव ज्यानं दिला आहे, त्याला पुढचा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. डोक्याला बांधायच्या बॅटरीलाही मी शहरी थेर म्हणायचो. रब्बीत कृषिपंपाची वीज पाळीनं रात्रीची येते, आणि अंधारात स्प्रिंकलरचे पाइप हलवायला दोन्ही हात लागतात. साप दिसावा म्हणून बॅटरी दातांत धरणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि तरीही हसत होतो.

सायकल डवऱ्यावर मात्र आमच्या घरात अजून वाद चालतो. भंगारातल्या सायकलच्या चाकाला दांडा आणि पास जोडून गावातला वेल्डिंगवालाच तो करून देतो. बैलजोडी सांभाळणं ज्यांना परवडेनासं झालं, त्यांच्याकडे तो हटकून दिसतो. पाऊस लागून राहिला की काळ्या मातीनं चाक लदतं, डवरा धुऱ्यावर पडतो आणि बाया पुन्हा खुरप्यावर. शिवाय झाडाच्या बुडातलं गवत त्यानं निघतच नाही.

आता कुठलंही नवं अवजार आधी मागून आणतो आणि बायांना अर्धा दिवस वापरायला देतो. दुकानदाराला हे आवडत नाही. मागच्या हंगामात मला पसंत पडलेला लांब दांड्याचा हातडवरा बायांनी परत पाठवायला सांगितला: दांडा गड्याच्या उंचीचा, ढकलताना छातीवर येतो. परत केला नाही. वेल्डिंगवाल्याकडून वीतभर कापून घेतला. आता तो मला बुटका पडतो.