गर्दी ओसरल्यावरचा पोर्तुगाल

परदेशप्रवास म्हटला की आपल्याकडे उन्हाळ्याची सुट्टी आणि दिवाळी हे दोनच मुहूर्त डोळ्यांसमोर येतात. युरोपच्या बाबतीत तर मे ते सप्टेंबर हाच हंगाम मानला जातो आणि उरलेल्या महिन्यांची बोळवण ‘ऑफ सीझन’ या शब्दाने केली जाते. तरुणांच्या दृष्टीने ते योग्यही असेल. परंतु ज्यांना रांगेत अर्धा तास उभे राहवत नाही, उंबरठा ओलांडायला ज्यांना क्षणभर अधिक लागतो, ज्यांचा दिवस औषधांच्या वेळांनी बांधलेला असतो, अशा ज्येष्ठांसाठी आणि त्यांना सांभाळणाऱ्यांसाठी हा ओसरलेला काळच खरा हंगाम होय. पोर्तुगालमधील पाच गावांच्या मोटारप्रवासात हे मला जसे उमगले, तसे ते आपल्यापुढे ठेवीत आहे.

आम्ही चौघे होतो. माझी थोरली बहीण, वय ६६. तिचे यजमान म्हणजे आमचे भाऊजी, वय ७२. पोर्तो येथे नोकरी करणारी त्यांची कन्या आणि मी. भाऊजी निवृत्त चित्रकला शिक्षक. सहा वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सनचे निदान झाले. हाताचा कंप औषधाने पुष्कळसा आटोक्यात आहे. पण दारातून जाताना किंवा वळताना पाय जमिनीला खिळल्यासारखे थबकतात. गेली चार वर्षे ताई त्यांना एकटीने सांभाळते. लेकीने बोलावले तेव्हा भाऊजींनी साफ नकार दिला. “मी कुणाच्या प्रवासातले सामान होणार नाही,” हे त्यांचे शब्द. ताईने मला बाजूला घेऊन विचारले, “डॉक्टर म्हणून सांग. पुढच्या वर्षी गेलो तर?”

हा आजार हळूहळू वाढणारा आहे. पुढचे वर्ष या वर्षाहून सोपे जाईल, असे आश्वासन कोणताही प्रामाणिक डॉक्टर देऊ शकत नाही. मी तिला तसेच सांगितले. न्यूरॉलॉजिस्टची संमती घेऊन आम्ही फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा निश्चित केला आणि नियम एकच ठेवला : दिवसाला एकच ठिकाण, आणि सर्वांची गती भाऊजींच्या पावलांइतकी.

लिस्बन : पायाखालच्या लाटा

फेब्रुवारीत लिस्बनला दिवसा पंधरा-सोळा अंश आणि रात्री आठ-नऊ अंश तापमान असते. आपल्या पुण्या-नाशिकच्या थंडीची सवय असलेल्यांना ते जड जात नाही. जड जातात ते चढउतार आणि पदपथ. चुनखडी आणि काळ्या बसाल्टचे लहान लहान चौकोनी तुकडे हाताने बसवून येथील पदपथ घडवले जातात. त्यांना ‘कालसादा’ म्हणतात. दिसायला ते अप्रतिम. परंतु पावलांनी घासून गुळगुळीत झालेले आणि पावसात अतिशय निसरडे. रबरी, खोबणीदार तळव्याचे बूट येथे चैनीची वस्तू नव्हेत, ते औषधाइतकेच आवश्यक आहेत.

हॉटेलच्या लिफ्टच्या दारात भाऊजी पहिल्याच सकाळी थबकले. मात्र रोसियु चौकात वेगळेच घडले. हा संपूर्ण चौक काळ्या-पांढऱ्या लाटांच्या नक्षीने मढवलेला आहे. भाऊजींनी खाली पाहिले, एक काळी लाट ओलांडली, मग दुसरी, आणि न अडखळता ते चौकाच्या मध्यापर्यंत गेले. वाचकहो, यात चमत्कार काही नाही. पार्किन्सनमध्ये आपोआप चालण्याची मेंदूतील यंत्रणा मंदावते. परंतु समोर आडवी रेघ दिसली की ‘ही ओलांडायची’ असा जाणीवपूर्वक आदेश पायांना दिला जातो आणि वाट मोकळी होते. भौतिकोपचारात हे तंत्र वापरलेच जाते. आपल्या घरी न्हाणीघराच्या दारापाशी, एकेका पावलाच्या अंतरावर ठळक रंगाच्या चिकटपट्ट्या आडव्या लावून हा उपाय करता येतो. अंतर मात्र फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्यावे. उन्हाळ्यात त्या चौकात एवढी माणसे असतात की पायाखालची लाट दिसायला जागाच उरत नाही.

प्रसिद्ध अठ्ठावीस क्रमांकाच्या ट्रॅमलाही हीच गोष्ट लागू पडते. हंगामात तिच्यासाठी लांबच लांब रांगा लागतात. आम्ही आरंभीच्या थांब्यावर सकाळी गेलो आणि चौघांनाही बसायला जागा मिळाली. जुन्या वस्तीचे सारे चढ भाऊजींनी खिडकीशी बसून पाहिले.

एव्होरा : दोन तासांची सुट्टी

लिस्बनहून पूर्वेला एव्होरा सुमारे १३० किलोमीटर. रस्ता उत्तम, तरीही दर दीड तासाने थांबायचे हे ठरलेले होते. एका जागी बसून राहिल्याने पायांतील रक्तप्रवाह मंदावतो आणि गाठ होण्याचा धोका वाढतो; विमानाइतकाच तो मोटारीतही असतो. थांबल्यावर ज्येष्ठांनी चटकन उभे राहू नये. दार उघडून पाय बाहेर सोडावेत, मिनिटभर घोटे हलवावेत, मग उठावे. पार्किन्सनमध्ये आणि रक्तदाबाच्या काही औषधांमुळे उभे राहताच रक्तदाब घसरतो व घेरी येते.

वाटेत बुचाच्या ओक वृक्षांची राने लागतात. या झाडांची साल दर नऊ वर्षांनी सोलतात आणि ती कोणत्या वर्षी काढली, त्याचा आकडा खोडावर रंगवून ठेवतात. भाऊजी ते आकडे मोठ्याने वाचत होते. “या झाडाला कळते, पुढची पाळी केव्हा आहे ते,” ते म्हणाले.

एव्होरा हे तटबंदीतील जुने गाव. रोमन देवळाचे १४ खांब अजून उभे आहेत आणि फेब्रुवारीत रस्त्याकडेची झाडे संत्र्यांनी लगडलेली असतात. येथील एका चर्चमध्ये मानवी अस्थींनी मढवलेले प्रार्थनागृह आहे. भाऊजींनी ते पाहण्यास नकार दिला. “आमची हाडे रोजच कुरकुरतात, ती पाहायला एवढ्या दूर कशाला?” लेक एकटी आत गेली. मी भाऊजींसोबत बाकावर बसलो आणि ताईला म्हटले, “दोन तास तू मोकळी. गोळीची वेळ मला ठाऊक आहे.” ती आधी तयारच होईना. तीनदा मागे वळून पाहत अखेर गेली.

ती परतल्यावर मी विचारले, “काय पाहिलेस?”

“काही नाही. चौकात बसले. कॉफी घेतली,” ती म्हणाली. “गरम होती तोवरच संपली.”

रुग्णाला सांभाळणाऱ्या प्रत्येकाला या उत्तराचा अर्थ समजेल. माझ्या दवाखान्यात अशी माणसे रुग्णाच्या तक्रारी घेऊन येतात; स्वतःचा रक्तदाब, स्वतःची झोप यांविषयी विचारल्याखेरीज बोलत नाहीत. त्यांची विश्रांती ही उपचारांचाच भाग आहे. प्रवासाच्या आखणीत तिची वेळ लिहूनच ठेवली पाहिजे.

कास्तेलो द व्हीद : वैद्याचे गाव आणि थंड खोली

एव्होराहून उत्तरेला, स्पेनच्या सीमेलगतच्या डोंगरावर कास्तेलो द व्हीद हे पांढऱ्या घरांचे लहानसे गाव आहे. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा जन्म सोळाव्या शतकाच्या उंबरठ्यावर येथेच झाला. धर्मांतर केलेल्या ज्यू घराण्यातील हा मनुष्य १५३४ मध्ये हिंदुस्थानात आला, गोव्यात स्थायिक झाला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही त्याने उपचार केले. मुंबईचे बेट काही काळ त्याच्याकडे इजाऱ्याने होते. आपल्याकडील वनौषधी, मसाले आणि फळे यांवर त्याने संवादरूपात लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. १५६८ मध्ये तो वारला. पुढे १५८० मध्ये इन्क्विझिशनने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. पणजीतील नगरउद्यान आज त्याच्या नावाने ओळखले जाते. त्याच्या गावातील जुन्या ज्यू वस्तीच्या पायथ्याशी सोळाव्या शतकातील संगमरवरी खांबांचे पाणवठ्याचे कारंजे आहे. तेथे उभे राहून एका सामान्य वैद्याने त्या थोर वैद्याला मनोमन नमस्कार केला.

याच गावी प्रवासातील सर्वांत कठीण रात्र गेली. पोर्तुगालमधील अनेक जुन्या घरांत मध्यवर्ती उष्णतेची सोय नसते. दगडी भिंतींच्या खोल्या बाहेरच्या हवेपेक्षाही गार वाटतात. थंडीने स्नायूंचा ताठरपणा वाढतो. सकाळी भाऊजींना कुशीवर वळता येईना. औषधाचा परिणाम दिसू लागेपर्यंत आणि खोली तापेपर्यंत अकरा वाजले. ताईचा चेहरा उतरला. “आणायला नको होते,” असे भाऊजी स्वतःच पुटपुटले. आम्ही त्या दिवशी पुढे गेलोच नाही. यजमानीणबाईंनी त्याच भाड्यात शेकोटी असलेली खालची खोली उघडून दिली, कारण घरात दुसरा पाहुणाच नव्हता. भर हंगामात हे शक्य झाले नसते. रात्री त्यांनी बटाटा आणि बारीक चिरलेल्या हिरव्या पानांचे ‘काल्दु व्हेर्द’ नावाचे सार वाढले. (त्यात डुकराच्या सॉसेजची चकती घालतात, नको असल्यास आधी सांगावे.) ताईने पदार्थांची नावे विचारली, तेव्हा ‘बताता’, ‘कोव्ह’, ‘पाँव’ ऐकून ती हसू लागली. आपले बटाटा, कोबी आणि पाव याच भाषेतून आपल्याकडे आलेले आहेत.

आहाराची आणखी एक बाब येथे नोंदवतो. लिव्होडोपा हे औषध प्रथिनयुक्त जेवणाबरोबर घेतल्यास त्याचे शोषण कमी होऊ शकते. म्हणून ते जेवणापूर्वी साधारण अर्धा तास घ्यावे. आम्ही दुपारी सार, भाजी, पाव आणि रात्री मासे असा क्रम ठेवला. खारवलेला कॉड मासा तेथे सर्वत्र मिळतो. भिजवून काढला तरी त्यात मीठ उरते, हे रक्तदाबाच्या रुग्णांनी ध्यानात ठेवावे.

कोइंब्रा आणि पोर्तो

कोइंब्राचे विद्यापीठ मूळ १२९० चे. ते टेकडीवर आहे आणि तेथे नेणाऱ्या एका पायऱ्यांच्या वाटेचे नावच ‘पाठमोडी’ अशा अर्थाचे आहे. आम्ही त्या पायऱ्यांना खालूनच निरोप दिला आणि मोटार वर नेली. अठराव्या शतकातील तेथील ग्रंथालयात वटवाघळे राहतात. रात्री ती पुस्तके कुरतडणारे कीटक खातात आणि कर्मचारी संध्याकाळी मेजांवर चामड्याची आच्छादने घालतात. ही हकीकत भाऊजींना इतकी आवडली की संध्याकाळी त्यांनी ती फोनवर दोन मित्रांना सांगितली.

पोर्तोला दोन दिवस पाऊस होता. उत्तर पोर्तुगालचा हिवाळा ओला असतो आणि ओल्या दगडांवर ज्येष्ठांना चालवणे म्हणजे मांडीचे हाड धोक्यात घालणे. आम्ही फक्त साँव बेंतु रेल्वे स्थानक पाहिले. १९१६ मध्ये सुरू झालेल्या या स्थानकाच्या दालनात सुमारे २०,००० चित्रित फरशा आहेत. घडीचे स्टूल उघडून भाऊजी मधोमध बसले. कच्च्या झिलईवर ब्रश टेकला की रंग लगेच शोषला जातो, खोडता येत नाही, हे त्यांनी लेकीला समजावले. “माझ्या हाताला हे आता जमायचे नाही,” ते शांतपणे म्हणाले आणि पुढचा पाऊण तास एकेक चित्र तिला उलगडून सांगत राहिले. सहा वर्षांनी मी त्यांना वर्गातल्यासारखे बोलताना ऐकले.

निघण्यापूर्वी

• हृदयविकाराचा अलीकडचा झटका, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा मधुमेह, वारंवार पडणे यांपैकी काही असल्यास प्रवास पुढे ढकलावा. फ्लूची लस निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्यावी. न्यूमोनियाच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारावे.

• हिवाळ्यात पोर्तुगालचे घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असते. औषधाच्या बाबतीत घड्याळापेक्षा दोन मात्रांमधील अंतर महत्त्वाचे. इन्शुलिन आणि पार्किन्सनच्या औषधांचे प्रवासाच्या दिवसाचे वेळापत्रक तज्ज्ञांकडून लिहून घ्यावे.

• सर्व औषधे हातातील पिशवीत, मूळ वेष्टनात, मूळ रासायनिक नावांच्या चिठ्ठीसह ठेवावीत. तेथील औषधालये हिरव्या क्रॉसने ओळखता येतात; आपत्कालीन क्रमांक ११२.

• पार्किन्सनच्या रुग्णांना मळमळीसाठी मेटोक्लोप्रामाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन देऊ नये. त्यांनी आजार बळावतो.

• शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. परंतु आधीपासूनच्या आजारांना त्यात संरक्षण आहे काय, हे ओळ न ओळ वाचावे आणि एकही आजार लपवू नये.

• खोली ठरवताना ‘रात्रभर उष्णता मिळते काय’ आणि ‘पायऱ्या किती’ हे दोन प्रश्न लेखी विचारावेत. पायांची संवेदना कमी असलेल्या मधुमेहींनी गरम पाण्याची पिशवी पायांशी घेऊन झोपू नये. विमानतळावरील चाकांची खुर्ची तिकिटाबरोबरच नोंदवावी.

भाऊजींचा आजार प्रवासाने बरा झालेला नाही, होणारही नव्हता. परतल्यावर शीण उतरायला तीन आठवडे लागले. पण ताईच्या न्हाणीघराच्या दाराशी आता निळ्या पट्ट्या आहेत आणि दर गुरुवारी दुपारी मी किंवा शेजारचा मुलगा भाऊजींजवळ बसतो. आपण परदेशी जा वा न जा, घरातील सांभाळणाऱ्या व्यक्तीसाठी आठवड्यातले दोन तास आजच राखून ठेवावेत. त्यासाठी ना व्हिसा लागतो, ना विमानाचे तिकीट.